ल्युकेमियात जबड्याच्या हाडात काय बदलतं आणि ते ओपीजीवर कसं शोधायचं

ओपीजीवर (दोन्ही जबडे एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे) ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, निदान होत नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. निदान होतं ते रक्ताच्या स्मिअरवर (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेलं रक्त), बोन मॅरोवर (हाडातला मगज) आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी). पण दात हलतोय, हिरडी सुजलीय, जबडा दुखतोय म्हणून पोरगं आधी दातांच्या डॉक्टरकडेच येतं, आणि तिथे काढलेला एक्स-रे नीट वाचला गेला तर त्या घराचे कित्येक आठवडे वाचू शकतात. वाचलाच नाही तर दात उपटला जातो आणि रात्रभर रक्त थांबत नाही. हे लिहितेय ते बीडीएस करून स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्यांसाठी आणि इंटर्न्ससाठी, पण ज्यांच्या घरात ल्युकेमियाची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनीही वाचावं, डॉक्टरला काय विचारायचं ते कळेल.

हाडात नेमकं काय होतं

हे डोक्यात पक्कं बसलं की एक्स-रे वाचणं सोपं जातं. लहान मुलाच्या खालच्या जबड्यात लाल मॅरो भरलेला असतो, रक्त तयार करणारा. मोठेपणी त्याची जागा बरीचशी चरबी घेते, तरी दाढांच्या मागे, जबड्याच्या कोपऱ्यात आणि रॅमसमध्ये (जबड्याचा कानाकडे वर जाणारा भाग) थोडा लाल मॅरो उरतोच. ल्युकेमिया हा मॅरोचाच आजार, त्या पेशी जागा कमी पडेल इतक्या वाढतात आणि आजूबाजूचं बारीक हाड विरघळायला लागतं. म्हणून बदल मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतात, क्रॉनिकपेक्षा (हळू वाढणारा) अक्यूटमध्ये (झपाट्याने वाढणारा) जास्त, पुढच्या दातांपेक्षा मागे दाढांच्या भागात जास्त, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना.

दुसरा फटका ट्रीटमेंटचा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मेथोट्रेक्सेट ही औषधं हाड पातळ करतात, त्यात पोरगं महिनोन्‌महिने आजारी, खेळणं नाही, ऊन नाही, जेवण जात नाही. म्हणजे पातळ हाड दिसलं म्हणून ते आजारानेच झालं असं नाही, किमोच्या आधीचा एक्स-रे आहे की नंतरचा हे बघितल्याशिवाय काही बोलता येत नाही. आणि एक गोष्ट, हाडातलं खनिज साधारण ३० ते ५० टक्के गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काही दिसतच नाही. त्यामुळे ओपीजी नॉर्मल आहे म्हणजे आजार नाही असं कधीही, कोणत्याही पालकाला सांगू नका.

पायरी १: मशीनच्या आधी पेशंट बघा

कोणत्या गोष्टींवर कान टवकारायचे? कीड नाही, मार लागलेला नाही आणि तरी दाढ दुखते किंवा हलते. दुधाचा दात वयाच्या आधीच सैल झालाय, किंवा पक्का दात मूळ तयार नसताना वर आलाय. हिरडी फुगलेली, लिबलिबीत, फिक्की, आपोआप रक्त येतंय आणि तिथे टार्टर मात्र नावाला नाही (मोठ्या माणसात हे दिसलं तर अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे मोनोसायटिक प्रकार आधी आठवावेत, हिरडीत शिरण्याची सवय त्यांना जास्त). हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर झालाय, हे तर फार महत्त्वाचं, कारण दाताचं काही कारण न सापडता हनुवटी बधिर होणं ही ल्युकेमिया-लिम्फोमाची खूण असू शकते. याच्या जोडीला ताप येऊन-जाऊन, अंगावर निळे डाग, मानेत गाठी, रात्री पाय दुखतात म्हणून रडणं. आई हे सगळं सांगत नाही कारण दातांच्या डॉक्टरला पाय दुखल्याचं काय सांगायचं असं तिला वाटतं, तेव्हा आपणच विचारायचं.

पायरी २: कोणता एक्स-रे

सुरुवात ओपीजीने. एका फोटोत दोन्ही जबडे, दोन्ही बाजू, न आलेले सगळे दात दिसतात, आणि तोंडात काही घालावं लागत नाही. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाच्या तोंडात सेन्सरची कड टोचली तरी रक्त येतं, त्यामुळे हा फायदा मोठाच. रेडिएशन मशीनप्रमाणे साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत जेवढं मिळतंच तेवढं. पालक घाबरलेले असतात, "आधीच कॅन्सर आणि वर एक्स-रे", त्यांना हा हिशोब शांतपणे सांगावा.

पण ओपीजीवर दाताभोवतीची बारीक रेघ, म्हणजे लॅमिना ड्युरा, धडधाकट माणसातही नीट दिसत नाही. म्हणून जिथे शंका आली त्या दाढेचा आयओपीए (तोंडात सेन्सर ठेवून काढलेला एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे) काढायचा, पॅरलल टेक्निकने, होल्डर लावून. हिरडीतून रक्त येत असेल किंवा तोंडभर फोड असतील तर तोही थांबवा, घाई नाही. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) नुसता शोध घ्यायला म्हणून काढू नका, त्याचं रेडिएशन ओपीजीच्या कितीतरी पट असू शकतं. हाड मेलंय, तुकडा सुटलाय, कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं टणक कवच) फुटलंय असं वाटलं तरच तो कामाचा. मॅरोत खरंच काय चाललंय ते आधी दाखवतो एमआरआय, आणि तो सांगायचा की नाही हे हिमॅटॉलॉजिस्टने (रक्ताच्या आजारांचा डॉक्टर) ठरवावं.

पायरी ३: ओपीजी नीट काढा

हे वाचताना कंटाळा येईल, पण मी पाहिलेल्या संशयास्पद ओपीजींपैकी बऱ्याच निव्वळ चुकीच्या पोझिशनच्या होत्या. हनुवटी जास्त खाली गेली की फोटोतलं दातांच्या ओळीचं हसू जास्त वाकतं आणि खालचे पुढचे दात पुसट होतात, हनुवटी वर गेली की दातांची ओळ सपाट होते आणि टाळूची सावली वरच्या मुळांवर येते. जीभ टाळूला चिकटवलेली नसेल तर वरच्या मुळांवर हवेचा काळा पट्टा येतो आणि तो बघून कोणीतरी हाड विरघळलं असं लिहून मोकळं होतं. मुलाला म्हणायचं, जीभ वर चिकटव आणि गोळी चोखतोय असं कर. कानातलं, क्लिप, गळ्यातला ताईत काढून ठेवा. थायरॉइड कॉलर ओपीजीला घालू नका, त्याची सावली नेमकी जबड्यावर पडते. मशीनमध्ये लहान मुलाचा प्रोग्रॅम असतो तो लावा, रेडिएशन कमी लागतं. पंधरा-एक सेकंद स्थिर उभं राहणं पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला जमत नाही, तेव्हा आधी मशीन नुसतं फिरवून दाखवायचं, मग खरा शॉट.

फाइल जपणंही यातच आलं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली, किंवा फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलने काढलेली ओपीजी या कामाला निरुपयोगी, बारीक रेघा तिथेच मरतात. डायकॉम फाइल (मशीनची मूळ फाइल) पेनड्राइव्हवर द्या, अगदीच नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विदर्भातून, खानदेशातून परळला टाटा मेमोरियलमध्ये जाणाऱ्या घरांच्या हातात ओरिजिनल फाइल असेल तर पुढे तुलना करता येते. आणि सॉफ्टवेअरमधलं शार्पन बटण बंद करून बघा, जास्त शार्प केलं की नसलेल्या रेघा उमटतात.

पायरी ४: पांढऱ्या रेघा शोधा, ठरलेल्या क्रमाने

सगळ्या मार्गदर्शनाचा गाभा हाच. ल्युकेमिया जबड्यातल्या बारीक पांढऱ्या रेघा पुसतो. आपण कीड शोधायला काळं बघतो, इथे उलट, पांढरं कुठे गायब आहे ते बघायचं, आणि डोळ्याला ती सवय नसते. खोलीतला दिवा मंद करा, फोटो मोठा करा आणि दर वेळी एकाच क्रमाने जा.

पहिली रेघ न आलेल्या दातांभोवतीची. मुलाच्या ओपीजीत दाढांचे अंकुर आपापल्या खोबणीत, म्हणजे क्रिप्टमध्ये बसलेले दिसतात आणि प्रत्येक खोबणीला पातळ पांढरी कड असते. सात-आठ वर्षांच्या मुलात खालची दुसरी पक्की दाढ बघा, कड पूर्ण आहे का तुटक आहे का गायब? मी सगळ्यात आधी हीच बघते, कारण मुलांमध्ये हा बदल लवकर दिसणाऱ्यांपैकी आहे आणि सगळ्यात जास्त नजरेतून सुटणाराही. कड गेली आणि दात खोबणीतून वर ढकलल्यासारखा, मूळ नसतानाच तोंडाकडे सरकलेला दिसला तर मामला गंभीर समजायचा.

दुसरी रेघ लॅमिना ड्युरा, पहिल्या पक्क्या दाढेपासून सुरू करा. मुळाभोवती पूर्ण आहे का, आणि तिच्या आतली काळी फट, पीडीएल स्पेस, रुंद झालीय का. इथे एक काळजी घ्यायची, ही रेघ दिसणं एक्स-रेच्या कोनावर फार अवलंबून असतं, किंचित तिरका किरण गेला तरी गायब होते. एका आयओपीएवर नाही दिसली तर कोन बदलून बघा, दुसऱ्या बाजूची तीच दाढ बघा. एकाच दाताची गेली आणि त्याला कीड आहे, तर ते साधं इन्फेक्शन. बिनकिडीच्या अनेक दातांची गेली, तर ते दाताचं दुखणं नाही.

तिसरं, दोन दातांमधला हाडाचा शेंडा. निरोगी मुलात तो टोकदार किंवा सपाट पण कडेला पांढरा असतो, इथे तो धूसर, खालावलेला दिसतो. चौथी, नसेच्या कॅनालच्या वर-खालच्या दोन रेघा, पण या निरोगी माणसातही कधीकधी पुसट असतात, नुसत्या यांच्यावर भिस्त ठेवू नका. पाचवी, जबड्याची खालची जाड कडा. ती डावी-उजवी सारखी आहे का, आतून कुरतडल्यासारखी दिसते का? बाहेरच्या बाजूला हाडाचा एक नवा पातळ थर चढलेला दिसला तर ती पेरिऑस्टियमची (हाडावरचं पातळ आवरण) प्रतिक्रिया, तीही यात दिसू शकते. शेवटी हाडाची जाळी बघा, एकूणच फिक्की झालीय का, मध्येमध्ये कडा नसलेले काळे ठिपके-धब्बे आहेत का. आजार खूप पुढे गेला असेल तर दाताखाली हाडच उरत नाही, दात नुसता अधांतरी दिसतो.

पायरी ५: दुसरं काय असू शकतं

रेघा पुसणारा ल्युकेमिया एकटा नाही. किडनीचा जुना आजार आणि हायपरपॅराथायरॉइडिझम, दोन्हीत लॅमिना ड्युरा जाते. अधांतरी दात लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिसमध्ये तर फार ठळक दिसतात, बर्किट लिम्फोमातही दिसतात. लहान वयात दात पडण्यामागे हायपोफॉस्फेटेशिया किंवा पॅपिलॉन-लेफेव्हर असू शकतं, पॅपिलॉन-लेफेव्हरमध्ये तळहात-तळपायांची कातडी जाड झालेली असते, हात बघितला की कळतं.

आपल्याकडे एक गोष्ट खास लक्षात ठेवावी लागते ती सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार बऱ्यापैकी आहे, आणि त्यातही मॅरो वाढल्यामुळे जबड्याची जाळी विरळ होते. पण तिथे दोन दाढांच्या मुळांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात आणि लॅमिना ड्युरा बहुतेकदा शाबूत असते. थॅलेसेमियातही जाळी मोठी होते, गालाची हाडं पुढे येतात. म्हणून मूल गडचिरोलीचं असो की मुलुंडचं, घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का, रक्त चढवावं लागलंय का हे विचाराच.

पायरी ६: शंका आली तर त्याच दिवशी

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मिअर, त्याच दिवशी. नुसता सीबीसी नको, कारण पांढऱ्या पेशी वाढलेल्या असू शकतात, कमी असू शकतात, अगदी नॉर्मल आकड्यातही असू शकतात, ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी दिसतात त्या स्मिअरवर. लॅबच्या चिठ्ठीवर "ल्युकेमियाची शंका, स्मिअर पॅथॉलॉजिस्टने स्वतः बघावा" असं स्पष्ट लिहा आणि शक्य असेल तर फोन करा. रिपोर्ट साधा आला आणि एक्स-रे मात्र ओरडून सांगतोय, तरीही हिमॅटॉलॉजिस्टशी बोला.

रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. दात काढायचा नाही, हलत असला तरी. हिरडी कापायची नाही, बायोप्सी नाही. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन नाही, दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. आणि स्टिरॉइड अजिबात नाही. सूज आली की डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन द्यायची सवय आपल्याकडे फार आहे, पण अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर स्टिरॉइड हे औषधच आहे, थोड्याशा डोसनेही पोरगं तात्पुरतं बरं दिसतं, रक्त आणि मॅरोतलं चित्र बिघडतं आणि निदान लांबतं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा, रिपोर्टआधी स्टिरॉइड नाही.

पालकांना काय सांगायचं? कॅन्सर हा शब्द आपण वापरायची गरज नाही, तो निदान करणाऱ्याचा अधिकार. "ताई, दात ठीक आहेत, पण हाडात जे दिसतंय ते दातामुळे नाही, रक्त तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही, आजच करून घ्या" एवढं पुरतं. आणि संध्याकाळी फोन करून रिपोर्ट विचारा, नाहीतर लोक गावी निघून जातात.

पायरी ७: निदान झालंय, ट्रीटमेंट चालू होतेय

किमो सुरू होण्याआधी एक ओपीजी हवी, पुढच्या सगळ्या फोटोंची तुलना तिच्याशीच. पण एक्स-रेसाठी किमो एक दिवसही थांबवायची नाही, अक्यूट ल्युकेमियात तेवढा वेळ नसतो. या फोटोत हाडाच्या बदलांबरोबर लपलेलं इन्फेक्शन शोधा, मुळाखालची काळी सावली, अर्धवट आलेली अक्कलदाढ, पडायला आलेले दुधाचे दात. काउंट खाली गेला की पू होत नाही, सूज येत नाही, नुसता ताप येतो, तेव्हा हे आधी माहीत असलेलं बरं. कोणताही दात काढायचा निर्णय ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून, एएनसी (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा) १००० च्या खाली असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकलतात आणि प्लेटलेटचं काय ते तेच ठरवतात. किमो लागू पडली की बऱ्याच मुलांत पुसलेल्या रेघा परत येतात, क्रिप्टची कड पुन्हा उमटते, हे बघणं फार समाधानाचं असतं. मध्ये उगाच फोटो काढू नका, तक्रार असेल किंवा त्या फोटोने निर्णय बदलणार असेल तरच. पुढची ओपीजी ट्रीटमेंट संपल्यावर.

पायरी ८: मोजायचं असेल तर

पीजी करणाऱ्यांना थीसिससाठी मोजमाप लागतं. सोपं माप कॉर्टेक्सच्या जाडीचं: मेंटल फोरामेनचा (खालच्या जबड्यातून नस बाहेर पडते ते भोक) मध्य शोधा, जबड्याच्या खालच्या कडेला स्पर्शरेषा काढा, फोरामेनमधून तिच्यावर लंब टाका आणि त्या रेषेवर खालच्या कॉर्टेक्सची जाडी मोजा. ओपीजी सगळं मोठं करून दाखवते, साधारण २० ते ३० टक्के, तेव्हा आलेल्या मापाला मशीनच्या मॅग्निफिकेशनच्या पटीने भाग द्या. पुस्तकातला ३ मिलिमीटरचा आकडा आणि क्लेमेटीचे १९९४ चे सी-वन, सी-टू, सी-थ्री हे वर्ग पाळी गेलेल्या बायकांच्या ऑस्टिओपोरोसिसच्या संदर्भातले आहेत, ते सात वर्षांच्या मुलाला लावणं चूक. मुलाची तुलना त्याच्याच जुन्या फोटोशी, नाहीतर त्याच वयाच्या निरोगी मुलांशी.

दुसरं माप फ्रॅक्टल डायमेन्शन, हाडाची जाळी किती गुंतागुंतीची आहे त्याचा आकडा, १ ते २ च्या मधला. इमेज-जे हे फुकट सॉफ्टवेअर वापरून व्हाइट आणि रुडॉल्फ यांच्या १९९९ च्या पद्धतीने करतात. दातांची मुळं, लॅमिना ड्युरा आणि कॅनाल टाळून हाडाचा चौकोन निवडा, सगळ्या पेशंटमध्ये तेवढ्याच पिक्सेलचा. त्याची कॉपी करून तिला गॉशियन ब्लर द्या, सिग्मा ३५, ती मूळ चौकोनातून वजा करा, १२८ मिळवा, मग थ्रेशोल्ड लावून काळं-पांढरं करा, इरोड, डायलेट, इन्व्हर्ट, स्केलेटनाइझ, आणि शेवटी बॉक्स काउंट. आकडा कमी म्हणजे जाळी विरळ असा अर्थ लावतात. पण मशीन बदललं, एक्स्पोजर बदललं, चौकोन जरा सरकला तरी आकडा हलतो, म्हणून रिसर्चला ठीक, एका पेशंटच्या एका आकड्यावर मी कोणताही निर्णय घेत नाही. हाडाची घनता खरंच मोजायची असेल तर डेक्सा स्कॅन आहे (हा डेक्सा म्हणजे घनता मोजणारा एक्स-रे, वरचं स्टिरॉइड नव्हे).

पायरी ९: ट्रीटमेंट संपल्यावर

मूल बरं होतं, मोठं होतं आणि बाराव्या-तेराव्या वर्षी दात वाकडे म्हणून ब्रेसेस लावायला येतं. वयाच्या पाच-सहा वर्षांच्या आत किमो झालेली असेल तर ओपीजीवर मुळं आखूड, टोकाला निमुळती दिसतात, काही दात आलेलेच नसतात, काही बारके राहिलेले असतात. पूर्ण शरीराला रेडिएशन देऊन ट्रान्सप्लांट झालं असेल तर जबड्याची वाढही कमी होते. जुनी फाइल नसेल तर नवा डॉक्टर याला भलतंच नाव देतो. ट्रीटमेंट संपून आजाराशिवाय किमान दोन वर्षं गेल्यावर ब्रेसेसचा विचार करतात आणि आखूड मुळं बघून जोर हलका ठेवतात. झोलेड्रोनेटसारखं हाडाचं इंजेक्शन कधी दिलं होतं का हेही विचारा, कारण तसं असेल तर दात काढल्यावर हाड न भरण्याचा धोका असतो. टाटामध्ये ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक चालतं, तिथला समरीचा कागद असेल तर त्याची कॉपी दातांच्या फाइलला लावून ठेवा.

रिपोर्ट कसा लिहायचा

"जनरलाइज्ड बोन लॉस" एवढं लिहून पाठवू नका, त्यावरून हिमॅटॉलॉजिस्टला काहीच कळत नाही आणि पायोरिया समजून कागद बाजूला पडतो. असं लिहा: "खालची दुसरी पक्की दाढ, डावी आणि उजवी, क्रिप्टची कड दिसत नाही. खालच्या पहिल्या पक्क्या दाढांची लॅमिना ड्युरा दोन्ही बाजूंना अस्पष्ट, आयओपीएवर दोन कोनांतून खात्री केली. कीड नाही, स्थानिक कारण नाही. मॅरोच्या आजाराची शंका, आजच सीबीसी व स्मिअर करावा." खाली एक्स-रेची तारीख, किमो सुरू असेल तर कितवा आठवडा, शेवटचा स्टिरॉइडचा डोस कधी झाला, आणि तुमचा मोबाइल नंबर, कारण समोरच्या डॉक्टरला प्रश्न पडला तर तो त्या कागदावरचाच नंबर लावणार.